काट्याचं लुगडं

१ जानेवारी, बुधवार

साखर कारखान्यावरून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी नव्या वर्षाची डायरी कुणीतरी आठवणीनं पाठवतं. आजवर एकाही डायरीचं पान उलटलं नव्हतं. यंदा लिहायला घेतली, कारण घरात बोलायला माणूस एकच, बायको कमल, आणि बोलायचंय ते तिच्याबद्दलच.

परवा येळवस झाली, वेळ अमावस्येची शेतातली पूजा. कडब्याची कोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले. भज्जी, उंडे, आंबिल सगळं कमलनं पहाटे उठून केलं. आल्यागेल्याला आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः आंबट, पातळ आंबिलीचा तांब्या घेऊन कोपीच्या सावलीला बसली. भाकरी तिच्या घशाखाली उतरत नाही. घशात कॅन्सरची गाठ आहे, दिवाळीनंतर कळलं. जन्मभर मिसरी लावली, दुसरं व्यसन नाही. गेल्या आठवड्यात सोलापूरला सलाईनमधून पहिलं औषध दिलं. अशी तीन द्यायची, मग विजेचे शेक. डॉक्टर म्हणाले, गाठ आटोक्यात येण्यासारखी आहे, पण पेशंटनं तग धरला पाहिजे.

मी म्हणालो, माझ्यासारख्या माणसापाशी पस्तीस वर्षं तग धरलाय, तिला हे काय जड आहे. डॉक्टर हसले नाहीत. कमल हसली.

३ जानेवारी, शुक्रवार

सोलापूरला जाऊन आलो. दवाखान्यात पेशंटच्या खाण्यापिण्याचं बघायला शिवरंजनी मॅडम आहेत. आमच्या लेकीच्या, शिवानीच्या वयाच्या असतील. त्यांनी एक मोठा डबा दिला. दिसायला लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीसारखा, पण हा कॅन्सरच्या पेशंटसाठीचा वेगळा. म्हणाल्या, हे औषध नाही, यानं गाठ जात नाही. पण जेवण जात नसलं की अंगातलं मांस झडतं आणि मग औषध सोसत नाही, म्हणून थोडक्यात जास्त ताकद पोटात जायला हे. उकळून कोमट केलेलं पाणी, सपाट चमचे, दिवसातून तीनदा, घोट घोट.

मी विचारलं, "सपाट म्हणजे वरनं पट्टी मारून?"

"काका, तुम्ही काय करत होता?"

"कारखान्यावर वजनकाट्याचा कारकून होतो."

"मग बरंच झालं," म्हणाल्या. "दर रविवारी सकाळी यांचं वजन करा. चाळीसच्या खाली गेलं तर तारखेची वाट बघू नका, मला फोन करा आणि घेऊन या. नाकातून बारीक नळी घालू, तिच्यातनं हेच दूध सरळ पोटात जाईल. नळी म्हणजे शेवट नव्हे. उलट वेळेवर घातली तर माणूस उपचार पुरे करतो."

बाहेर व्हरांड्यात नळी घातलेली एक बाई बसली होती. कमल तिच्याकडं टक लावून बघत होती. येताना ढोकी येईस्तोवर जीपमध्ये एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आवो, मला ती नळी नगं."

म्हणालो, वजन राख म्हणजे नळी कशाला लागतेय. सोपी गोष्ट आहे.

५ जानेवारी, रविवार

वजनाचे ते काचेचे चपटे काटे असतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही. ईरण्णाच्या किराणा दुकानात नवा इलेक्ट्रिक काटा आल्यापासून पोती मोजायचा जुना लोखंडी काटा पडून होता, तो घरी आणला. पडवीत मांडला, पाण्याचा तांब्या ठेवून पातळी बघितली, पेटीतली माझी सरकारी शिक्क्याची लोखंडी मापं काढून पारखून घेतला. पाच किलोचं, दोनाचं, एकाचं, तिन्हींना बरोबर उतरला.

कमल म्हणाली, लुगडं नेसूनच उभी राहीन. मग तिचं हिरवं लुगडं आणि आतले कपडे आधी नुसते ठेवून मोजले. तेवढं दर वेळी वजा करायचं. भरल्या गाडीतनं रिकामी गाडी वजा, उरतो तो ऊस. दर रविवारी हेच लुगडं, असं बजावलं. तिनं त्याचं नावच ठेवलं, काट्याचं लुगडं.

निव्वळ त्रेचाळीस किलो भरली.

काट्यावर उभी होती तेव्हा तिला वीरप्पाची गोष्ट सांगितली. ट्रॅक्टरवाला होता. रिकामी ट्रॉली मोजून घेताना स्टेपनी, जॅक, साखळ्या रस्त्याकडेला उतरवून यायचा आणि ऊस भरून येताना सगळं बरोबर आणायचा. तेवढं लोखंड उसाच्या भावानं मोजलं जायचं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही, मी धरला.

"तुमाला कळलं कसं पण?"

"चाकाकडं बघून. काटा एक सांगायला लागला आणि चाक दुसरं, की समजायचं."

"आन चाकाकडं बघितलंच न्हाय तर?"

"मग काय, लोखंडाचा ऊस होतो."

किती दिवसांनी तोंडाला पदर लावून हसली.

१२ जानेवारी, रविवार

शिवानी आली. सातवा लागलाय. जावई युवराज लोहाऱ्याहून गाडी करून सोडून गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही कमलची हौस लग्नापासूनची. पोरगी हडकली आहे, डोळ्याखाली काळं, रक्त कमी म्हणून गोळ्या चालू आहेत. मायलेकी एकमेकींना बघून रडल्या. कोण कुणाच्या तब्येतीवर रडतंय ते कळेना.

युवराज जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, आमची आई म्हणायलीय, मामी लईच आजारी असतील तर बाळंतपण लोहाऱ्यालाच करू. आजारपणाच्या घरात बाळंतीण नगं. ओटी भरायला येतो तवा बघू." वाईट बोलले नाहीत. पण कमल दाराआड उभी होती.

वजन जरासं उतरलंय. मॅडम म्हणाल्या होत्याच, पहिल्या औषधानंतर उतरतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल दुसरं औषध झालं. येताना येडशीच्या अलीकडं दोनदा गाडी थांबवावी लागली. उलट्या. आज तोंड आतून सोलून निघालंय, थुंकी गिळताना डोळ्यांतनं पाणी येतं.

मी दूध करून दिलं. तिनं नाकाला ग्लास लावला आणि तोंड फिरवलं. वासच नको म्हणते. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, गार करून द्या, एकदम ग्लासभर नको, वाटी वाटी द्या, आंबट-तिखट काही देऊ नका. म्हणजे आंबिलही गेली. येळवसीला जी एकच गोष्ट तिच्या घशाखाली उतरली होती ती आता वर्षभर दाखवायची नाही.

मी समोर बसून राहिलो. "पी. पी. अजून एक घोट." शेवटी ती वैतागली. "काट्यावर बसल्यागत समूर बसू नगा. तुमी जावा की. म्या पिते घोट घोट."

२२ जानेवारी, बुधवार

जमलं. हिची युक्तीच बरोबर होती. मी दूध करून स्वयंपाकघरात ठेवतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. मायलेकी आत दार लोटून बसतात, गप्पा मारतात. थोड्या वेळानं ग्लास धुऊन पालथा. डबा बरोबर जेवढा उतरायला हवा तेवढा उतरतोय, मी तोही काट्यावर ठेवून बघितला. शिवानीला म्हणालो, तू आल्यापासून आईच्या पोटात काहीतरी जायला लागलं. ती म्हणाली, "आईच मला सोडंना झालीया आबा. हे खा, ते पी."

तिच्याही तोंडावर जरा तकाकी आली. माहेरचं पाणीच वेगळं.

२६ जानेवारी, रविवार

काटा चाळीसला टेकला. चाळीसच्या खाली नाही, पण टेकला.

कमल काट्यावरूनच म्हणाली, "मॅडमला सांगू नगा." म्हणालो, खाली गेलं तर सांगायचं, असं ठरलंय. खाली गेलेलं नाही. पण पुढच्या रविवारी गेलं तर मी तुला उचलून नेईन. ती म्हणाली, "आन लोहाऱ्याच्या बाया ओटी भरायला आल्यावर? नाकात नळी घालून बसू त्यांच्यात? त्या ओटी बघतील का माझं नाक? लगेच पोरीला उचलून नेतील."

मी रागावलो. जिवापेक्षा ओटी मोठी का, म्हणालो. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटतं पटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

एक्केचाळीस. वर गेलं.

दोनदा बघितलं. काट्यावर चढताना तिनं हात मागितला, नंतर उतरतानाही. अशक्तपणा आहे, पण वजन धरतंय. मॅडमना लगेच फोन केला. त्यांनाही आनंद झाला. "छान काका, असंच चालू ठेवा. मी व्हिडिओवर एकदा बघू का त्यांना?" म्हणालो, बघायचं काय त्यात, आकडा आहे ना. चाळीस वर्षांत माझ्या काट्यावर एकाही शेतकऱ्यानं बोट ठेवलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, बरं बरं.

आज मी बाजारातून जिलबी आणली. मीच खाल्ली आणि शिवानीनं. शिवानी चांगली गुटगुटीत व्हायला लागलीय, तिला चिडवलं की ट्रॉली भरायला लागली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काटा परत पारखावा म्हणून पेटी उघडली तर पाचाचं माप आहे, पण दोनाचं आणि एकाचं नाही. ईरण्णाला विचारलं. गेल्या महिन्यात तो मापं बघून गेला होता. तो म्हणाला, "मालक, माझ्याकडं इलेक्ट्रिक काटा हाय, तुमची लोखंडं घेऊन काय उशाला घेऊ?" जरा जास्तच बोललो त्याला. माणसाचा वस्तूंवरचा विश्वास उडतो तो असा.

कमल आतून म्हणाली, "जाऊ द्या की. सापडतील."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गावातच रक्त तपासून सोलापूरला कळवलं होतं. पांढऱ्या पेशी कमी आहेत, म्हणून तिसरं औषध दोन आठवडे पुढं ढकललं. मॅडमनी वजन विचारलं, सांगितलं. "वजन टिकलंय ना, मग पेशी भरून येतील," म्हणाल्या. नवे दोन डबेही पाठवून दिले.

९ फेब्रुवारी, रविवार

एक्केचाळीसच. जागचं हललं नाही.

शेजारच्या चांगुणाबाई संध्याकाळी आल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत. कमल झोपली होती म्हणून माझ्याशीच ओट्यावर बोलल्या. "दाजी, राग मानू नगा. अक्का लई वाळल्या बगा. पोलकं खांद्यावरनं उतरायलंय. बांगड्या कोपरापतोर जायल्यात."

मी त्यांना पडवीतला काटा दाखवला. आकडे दाखवले. म्हणालो, डोळ्यांना माणूस रोज बारीक दिसतो, कारण डोळ्यांत माया असते. काट्यात माया नसते.

त्या म्हणाल्या, "आसंल दाजी. तुमचं शिक्षणाचं काम." आणि उठून गेल्या. वाईट वाटलं. पण बायकांच्या अंदाजावर उपचार चालत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रविवारी ओटी. कमल अंथरुणावरूनच सगळं हलवतेय. नारळ, खण, पाच फळं, शिवानीला हिरवी साडी. चांगुणाबाई आणि शिवानी लाडू वळतात आणि ही उशाशी बसून चव न घेता वासावर सांगते की वेलदोडा कमी आहे. बरोबर असतं.

मी म्हणालो, एवढी दगदग करू नकोस, तुझी तारीख गुरुवारी आहे. ती म्हणाली, "रविवार होऊ द्या. मग न्या कुटं न्यायचं तिकडं. नळी घाला न्हाय तर नळा घाला."

बरी होत आली की माणूस विनोद करतो, असं मला वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

साडेचाळीस. अर्धा उतरला, पण चालेल. आज काट्याचं लुगडं सोडून जरीचं नेस म्हणालो तर नको म्हणाली, हेच शुभ आहे, हिरवं आहे. लोहाऱ्याची मंडळी येतीलच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सोलापूर

ओटी चांगली झाली, हे आधी लिहितो.

कमल पाटाशेजारी खुर्चीत बसली. गालाला हळद, पावडर, ठसठशीत कुंकू. विहीणबाई आल्या आल्या तिच्याकडं बारकाईनं बघत होत्या. ती हसत होती. गाणी म्हणा म्हणाली, बायकांनी म्हटली. शिवानीची ओटी तिनं खुर्चीतूनच भरली, नारळ दोन्ही हातांनी धरून. विहीणबाई म्हणाल्या, "तब्येत बरी दिसायलीय की तुमची." कमल म्हणाली, "आता नातू न्हाय तर नात घेऊनच लोहाऱ्याला पाठवते बगा." त्या हो म्हणाल्या. जाताना तसं मलाही सांगून गेल्या.

मंडळींची गाडी वळली आणि कमल खुर्चीतच एका बाजूला कलंडली. युवराजांना फोन केला, गाडी परत फिरली. तिच्याच अंगावरच्या लुगड्यात तिला उचलून थेट सोलापूरला आणलं. अंगातलं पाणी संपलंय, क्षार खाली गेलेत, छातीत कफ झालाय. आत ठेवलंय. शिवानीला घरीच ठेवलं, चांगुणाबाई तिच्यापाशी आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज तिला दोन सिस्टरनी धरून काट्यावर उभं केलं. दवाखान्याचा झगा अंगावर. सदतीस.

मी भांडलो. वॉर्डात सगळ्यांसमोर. म्हणालो, रविवारी सकाळी माझ्या काट्यावर साडेचाळीस होती, तीन दिवसांत माणूस एवढं झडत नाही, तुमचा काटा नादुरुस्त आहे. शिवरंजनी मॅडम आल्या. त्या रागावल्या नाहीत. "काका, तुम्ही उभे राहा त्यावर." उभा राहिलो. ईरण्णाच्या दुकानात माझं जे वजन भरतं तेच भरलं.

मॅडम म्हणाल्या, मग घरी काय चुकलं असेल?

त्यानंतर सिस्टरनी एक पिशवी हातात दिली. "आजींचे आलेल्या दिवशीचे कपडे. घरी घेऊन जा." पिशवी घेतली आणि हाताला कळलं. काट्यावर आयुष्य गेलेला हात आहे. लुगड्याचं वजन त्याला पाठ आहे, हे लुगड्याचं नव्हतं.

व्हरांड्यात बाकावर बसून उकललं. आतल्या परकराला दोन्ही बाजूंनी जुन्या पोलक्याच्या कापडाचे कप्पे शिवलेले होते. टाके नीट, बारीक, तिचे. एकात दोनाचं माप, एकात एकाचं. वर चिंध्या गुंडाळल्या होत्या, अंगाला टोचू नयेत म्हणून की वाजू नयेत म्हणून, कुणास ठाऊक.

म्हणजे दोन तारखेला जेव्हा मी जिलबी आणली, तेव्हाच ती चाळीसच्या खाली होती. तीन रविवार ती लोखंड बांधून माझ्यासमोर उभी राहिली आणि मी आकडा बघत राहिलो. काटा मारणाऱ्यांना धरण्यात जन्म गेला. माझ्याच पडवीत, माझीच मापं घेऊन माझ्यावर काटा मारला, आणि मी पेढे वाटल्यासारखा फोन करत होतो. चांगुणाबाईंना दिसलं. ईरण्णाला चोर ठरवून बसलो.

मला तिचा राग आला. मग राग टिकेना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाकातून नळी घातली. तिनं मान हलवून हो म्हटलं, काहीच त्रागा केला नाही. मॅडम स्वतः उभ्या राहून थेंब थेंब दूध सोडतात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम देता येत नाही म्हणे, उलटतं.

मी मॅडमना लुगड्याचं सांगितलं. मीच विचारलं, "दोन तारखेला आणली असती तर?" म्हणाल्या, "सांगता येत नाही काका. तेव्हा अंगात थोडी ताकद होती. पण खात्रीनं सांगता येत नाही." शिकलेलं माणूस खोटा धीर देत नाही, हे बरं आहे. पण आज दिला असता तर मी घेतला असता.

दुपारी कमल जागी होती. मी माप तिच्या उशाशी ठेवलं. दोनाचं. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातनं गेलं, "वीरप्पा झालीस व्हय गं?"

ओठ हलले. कान जवळ नेला.

"चाकाकडं बघितलंच न्हाय तुमी."

हसत होती. डोळ्यांनीच. नंतर म्हणाली, "ओटी झाली न्हवं चांगली?"

झाली म्हणालो. लई चांगली झाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कफ वाढलाय. ताप उतरत नाही. दूध पोटात जातंय, पण अंग ते धरत नाही. मॅडम रोज येऊन जातात, तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करतात.

तिनं आज एकदाच डोळे उघडले आणि शिवानीचं विचारलं. बाकी काही नाही. माझं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मनात आलं. या वयात असं वाटावं याची लाज वाटते, पण वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कमल गेली.

१४ मार्च, शुक्रवार

चौदावा झाला. घरात फार माणसं होती, आज कुणी नाही.

विहीणबाई येऊन गेल्या. मला वाटलं शिवानीला न्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "बाळंतपण इथंच होऊ द्या. म्या त्यांना शबूद दिलता. म्या येऊन राहते." हे ऐकून मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडलो. कमलनं अंगावर लोखंड बाळगून जे मिळवायचं होतं ते मिळवलं. मला मात्र तिचं काहीच मिळालं नाही.

ईरण्णाचा काटा परत नेऊन दिला. पाय धरावेत इतकी लाज वाटत होती. तो म्हणाला, "मालक, चहा घ्या." बिस्किटंही दिली.

४ एप्रिल, शुक्रवार

शिवानीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सिस्टरनी बाळाला झोळीच्या काट्यात घातलं आणि सव्वातीन किलो म्हणाल्या. रक्त कमी असलेल्या बाईचं बाळ एवढं भरलं, डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलं. मी काट्याकडं बघितलं नाही. बाळाकडं बघत राहिलो. मूठ वळलेली, हनुवटी कमलची.

१३ एप्रिल, रविवार

आज दुपारी शिवानी बाळाला घेऊन पडली होती. विहीणबाई चांगुणाबाईंकडं गेल्या होत्या. मला म्हणाली, "आबा, अंगणवाडीतलं ते दूध अजून मिळंल का?"

"कुठलं दूध?"

"ते वो. आई मला दोन वेळा द्यायची, गार करून. व्हॅनिलाचा वास यायचा. आई म्हणायची, चांगुणामावशीनं अंगणवाडीतून आणलंय, गरोदर बायांसाठी आलंय, आबांना सांगू नगं, त्यांना सरकारी काय आवडत न्हाय." हसली. "लई बरं वाटायचं मला त्यानं. आता अंगावर दूध कमी यायलंय. चांगुणामावशीला इचारून बगा की."

मी म्हणालो, विचारतो.

ओट्यावर येऊन बसलो. जिथं रोज बसायचो तिथंच. दूध मीच करायचो. सपाट चमचे, पट्टी मारून. आत ठेवून बाहेर यायचो, दार लोटलं जायचं, नंतर ग्लास धुऊन पालथा. डबा उतरायचा तेवढा बरोबर उतरायचा. डब्यातनं जे गेलं ते तिच्यात गेलं, असं धरून चाललो होतो. भरल्या गाडीतनं रिकामी वजा केली आणि उरलेला ऊस कुणाच्या शेतातला ते बघितलंच नाही. घसा सोललेला असताना ती समोर बसून लेकीला पाजत होती. आपल्याच्यानं गिळत नाही, तर टाकण्यापेक्षा एक तरी जीव भरू दे, असं तिनं ठरवलं असेल. की गिळत होतं तेव्हाही देत होती? हे आता कुणाला विचारू?

शिवानीला हे कधीच सांगायचं नाही. तिनं उरलेलं आयुष्य त्या ग्लासाखाली काढू नये. मी काढीन.

पाठवलेल्या दोन डब्यांतला एक देवाच्या फळीवर तसाच बंद होता. शिवरंजनी मॅडमना फोन केला. इतक्या दिवसांनी आवाज ऐकून त्या घाबरल्या. नात झाल्याचं सांगितलं. मग विचारलं, हे दूध बाळंतिणीला दिलं तर चालतं का. "चालतं काका," म्हणाल्या, "पण तिला भाकरी, डाळ, दूधही पोटभर द्या. ती खाऊ शकते ना." त्यांना काही कळलं असेल का, माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पाणी उकळलं, कोमट केलं. डबा फोडला. तोच वास घरभर झाला. चमचे मोजले, ढवळलं, तळाला गुठळी राहिली नाही ते बघितलं. ग्लास शिवानीच्या हातात दिला. "चांगुणाबाईंकडून आणलं," म्हणालो. उभ्या जन्मात काटा मारला नव्हता, आज मारला.

तिनं वास घेतला. "हेच की," म्हणाली. मी तसाच दारात उभा होतो. ती म्हणाली, "आबा, तुमी जावा की. म्या पिते घोट घोट."

"पी," म्हणालो. "म्या हाय हितंच."

ग्लास रिकामा होईपर्यंत मी दारातून हललो नाही.